गोळी बंद करायला सांगितली कोणी?

कचेरीत वैद्यकीय रजेचे अर्ज माझ्याच टेबलावरून पुढे जातात. गेल्या पावसाळ्यात एका शिपायाची पत्नी अर्ज घेऊन आली. कारण : अर्धांगवायू. वय अवघे ४७. बी.पी. आहे हे दोन वर्षांपूर्वीच कळले होते. चार महिने गोळ्या घेतल्या, आकडा उतरला, आणि आता बरे वाटते म्हणून त्या बंद केल्या.

बंधू-भगिनींनो, आपल्या वस्त्यांत हेच चालते. ताप उतरला की गोळी बंद, ही आपली सवय. पण हा ताप नव्हे. रक्तदाब उतरतो तो गोळीमुळे. ती सोडली की पुन्हा चढतो आणि बहुतेकांना कळतही नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही. म्हणून मोजावाच लागतो. वेगवेगळ्या दिवशी मोजून तो १४०/९० किंवा वर भरला, तर उपचार हवेत. मोजण्याआधी पाच मिनिटे स्वस्थ बसावे, अर्धा तास चहा-तंबाखू टाळावी.

गोळ्या 'गरम पडतात' असे सांगणारे शेजारी पुष्कळ! ॲम्लोडिपिनने काहींच्या पायांवर सूज येते, हे खरे. तसे झाल्यास डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी, आपल्या मनाने सोडू नये. अंगदुखीसाठी रोज वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्यांनीही डॉक्टरांना ते सांगावे; त्यांनी रक्तदाब वाढतो.

आता मिठाचा हिशेब. माणशी दिवसाला ५ ग्रॅमहून कमी, म्हणजे सपाट चहाचा चमचा. चौघांच्या घरात महिन्याला ६०० ग्रॅम. एक किलोची पिशवी पन्नास दिवस पुरायला हवी. फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा आणि किती दिवस जाते ते पाहा. यात सुकट, खारे बोंबील, पापड, लोणचे, फरसाण यांतले मीठ धरलेलेच नाही. सैंधव घेतले तरी मीठ ते मीठच.

मिश्री, विडी, दारू यांविषयी वेगळे काय सांगावे? रोज अर्धा तास झपझप चालावे.

एक गोष्ट मात्र खटकते. पुरुषाचे बी.पी. कारखान्यात तरी मोजले जाते. धुणीभांडी करणाऱ्या बाईचे कोण मोजतो? तिलाही दवाखान्यात न्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात, महापालिकेच्या दवाखान्यात या गोळ्या मोफत मिळतात. संपण्याच्या आठवडाभर आधी जावे. साठा नसला तर चिठ्ठी घेऊन जेनेरिकच्या दुकानातून आणाव्यात, पण एका दिवसाचाही खाडा करू नये.