आधी गाडी, मग स्केल

रेल्वेच्या प्रतिकृतींचा छंद जडलेल्या नवख्याला पहिला सल्ला ठरलेला असतो: अंथरूण पाहून पाय पसर. घर लहान असेल तर एन हे लहान स्केल (प्रतिकृतीचे प्रमाण), खोली मोठी असेल तर एचओ हे मोठे. सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण त्यात मूळ प्रश्नच राहून जातो. चालवायची आहे कोणती गाडी?

शिंकान्सेनचा डबा सुमारे २५ मीटरचा. सोळा डब्यांची अख्खी गाडी एनमध्ये (१:१६०) अडीच मीटर होते, एचओमध्ये (१:८७) साडेचार मीटरांच्या पुढे जाते. इथे एनच घ्यावे. शिवाय काटो, टोमिक्स हे जपानी ब्रँड त्या स्केलमध्ये सगळे डबे विकतात. पण हौस ब्रिटनमधल्या खेड्यातल्या फाट्याची असेल तर? ग्रेट वेस्टर्न रेल्वेचे छोटे टँक इंजिन आणि एक ऑटोकोच ओओमध्ये (१:७६) चाळीस सेंटीमीटरही भरत नाहीत. त्यांचे स्टेशन पुस्तकांच्या फळीवर मावते. मग लहान घराला एनच, हा नियम आला कुठून?

ओओला नाके मुरडणारेही आहेत. हिशेबाने रुळांमधले अंतर १८.८ मिलिमीटर हवे, असते १६.५. तक्रार खरी आहे. पण ब्रिटिश इंजिने अंगाने बारीक, ओओ सुरू झाले त्या काळच्या मोटारी एचओच्या मापात मावेनात, म्हणून रूळ तेच ठेवून गाडी थोडी मोठी केली गेली. त्या तडजोडीभोवती ब्रिटिश गाड्यांचा जो साठा उभा राहिला, तेवढा दुसऱ्या कुठल्याही स्केलमध्ये नाही. दोन मिलिमीटरसाठी तो सोडणे मला मुळीच पटत नाही.

खरी फसगत इंजिन पाहून होते. हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीने २०२२ मध्ये ब्रिटिश गाड्या टीटीमध्ये (१:१२०) आणल्या, त्या ए-३, ए-४ अशा नामांकित एक्स्प्रेस इंजिनांपासून. मोह पडणारच. पण इंजिन एक लागते, वाघिणी वीस. कोळशाची मालगाडी हवी तर सोळा टनी लोखंडी वाघिणी त्या स्केलमध्ये मिळतात का, शेवटचा गार्डचा डबा मिळतो का, हे आधी पाहावे. वाघिणींवरचे नंबरही वेगवेगळे हवेत. वीस वाघिणींवर एकच नंबर असला की मालगाडी खेळण्यातली दिसते. हेच टीटी पूर्व जर्मनीच्या गाड्यांसाठी मात्र उत्तम, कारण तिथे ते १९५०च्या दशकाअखेरपासून रुजले आहे.

आपल्याकडच्या गाड्यांचे काय? ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर, म्हणजे एचओमध्ये १९.३, तयार रूळ १६.५चे. तयार भारतीय डबे मोजकेच, बरेचसे घरीच बांधावे लागतात. तरीही मी एचओच सुचवीन. भारतीय रेल्वेचे डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन मुळात अमेरिकेच्या आल्को कंपनीचे, आणि आल्कोच्या इंजिनांच्या प्रतिकृती एचओमध्ये मिळतात. खालची चाके-मोटार तिथून घ्यावी, वरचा सांगाडा प्लॅस्टिकच्या पत्र्यातून कापावा.