तात्या विंचू मेला कसा आणि उठला कसा?



पेरण्या आटोपल्या असतील आणि वरुणराजाची कृपा असेल, तर आज घटकाभर भुताची गोष्ट करू. पोराबाळांना आत पाठवायचे कारण नाही, भूत तुमच्या ओळखीचे आहे. जत्रेतल्या तंबूत पाहिले असेल, नाहीतर घरच्या टीव्हीवर दहा वेळा. तात्या विंचू!

महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला १९९३ साली. तात्या विंचू हा अट्टल गुन्हेगार. बाबा चमत्काराकडून तो मृत्युंजय मंत्र मिळवतो. पोलिसाची गोळी लागून मरता मरता मंत्र म्हणतो आणि जवळच्या एका बोलक्या बाहुल्यात शिरतो. तो बाहुला येतो श्रीरंगपूरच्या भोळ्या लक्ष्या बोलकेकडे. लक्ष्या म्हणजे आपला लक्ष्मीकांत बेर्डे. तात्या म्हणजे दिलीप प्रभावळकर. चिमणराव म्हणून घराघरांत लाडका झालेला माणूस इतका भीतिदायक होईल असे कुणाला वाटले होते? बाहुला रामदास पाध्यांचा. आता तात्याला पुन्हा माणूस व्हायचे, तर ज्याला पहिल्यांदा आपली खरी ओळख सांगितली त्याच्याच देहात शिरले पाहिजे. तो निघाला लक्ष्या. आणि तात्याला मारायचे, तर गोळी बरोबर दोन भुवयांच्या मधे बसली पाहिजे.

माझा पुतण्या पुण्यात सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. एका खोलीत चार खाटा, दिवसभर अभ्यासिका, संध्याकाळी कोपऱ्यावरचा चहा. परवा त्याला डबा द्यायला गेलो तर सहा-सात पोरे चहाच्या टपरीवर अशी भांडत होती की मला वाटले निकाल लागला. निकाल नव्हता, तात्या विंचू होता. सगळी तुमच्याआमच्यासारख्या घरांतली पोरे. कुणी बार्शीचा, कुणी जतचा, एक महाडकडचा.

बार्शीवाला म्हणाला, "पहिल्यांदा गोळ्या लागल्या तेव्हा मंत्र म्हणून निसटला. मग शेवटी का नाही निसटला? शेजारी वस्तू काय कमी होत्या?"

जतचा म्हणाला, "कपाळात गोळी बसल्यावर तोंड हलायला वेळ मिळतो का? पहिली गोळी अंगात होती."

"अरे पण लाकडाच्या बाहुल्याला कसली भुवई आणि कसले कपाळ?"

यावर दोन कप चहा गार झाला. मग दुसरा वाद. तात्याने आपली ओळख लक्ष्याला सांगितलीच कशाला? एखादा धट्टाकट्टा पैलवान बघून सांगायची! त्याचे उत्तर मात्र मला पटले. हा नियम तात्याला आधी ठाऊकच नव्हता, बाबाने नंतर सांगितला. आणि गुंडाला आपले नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही, हे तर गावोगाव आपण पाहतोच.

खरी जुंपली ती दुसऱ्या भागावरून. 'झपाटलेला २' आला जून २०१३ मधे. लक्ष्मीकांत बेर्डे तोवर आपल्यात नव्हते, २००४ सालीच गेले. तेव्हा तात्या उठतो आणि लक्ष्याच्या मुलाच्या, आदित्यच्या मागे लागतो. बार्शीवाला तावातावाने म्हणाला, "एक तर भुवईमधे गोळी खाल्लेला उठतो कसा? आणि ओळख सांगितली बापाला, मग पोराचा काय संबंध?"

"वारसनोंद!" जतचा म्हणाला. "बाप गेला की सात-बाऱ्यावर पोराचे नाव लागते. सोसायटीचे कर्जही त्याच्याच दारात येते. तसा तात्या आला."

कायद्याचा अभ्यास करणारा एक जण इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, "बापाचे कर्ज पोराकडून वसूल होते, पण वारशात जेवढे मिळाले तेवढ्यापुरतेच. लक्ष्याने पोराला काय ठेवले? बोलके आडनाव! मग तात्याने आडनाव घ्यावे आणि जावे." सगळी टपरी हसली. चहावाल्याने तर वकिलाचे पैसेच घेतले नाहीत.

हे खोड काढण्याचे वेड आपल्याच पोरांना आहे असे नाही. तात्याचा मूळपुरुष अमेरिकेतला, १९८८ सालच्या 'चाइल्ड्स प्ले' सिनेमातला बाहुला चकी. 'ज्याला ओळख सांगितली त्याच्याच देहात' हा नियम तिथलाच. फक्त चकीचे मर्म काळजात, आपल्या तात्याचे भुवईत. तिकडे भुते पकडणाऱ्यांचा एक विनोदी सिनेमा आहे, 'घोस्टबस्टर्स', १९८४ चा. त्यात न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून इमारतीएवढा मिठाईचा बाहुला चालतो, सारे शहर बघते. १९८९ च्या दुसऱ्या भागात तेच लोक म्हणतात, हे भूत पकडणारे लबाड आहेत! पुतण्याने हे सांगितले तेव्हा मी विचारले, एवढे मोठे धूड लोक विसरले कसे? तो म्हणाला, "काका, मधे पाच वर्षे गेली होती. पाच वर्षांत आपण नाही का विसरत?"

यावर मी काय बोलणार.

पोरे उठायच्या बेतात होती, तेवढ्यात महाडकडचा पोरगा म्हणाला, "आमच्याकडं खराच विंचू आला होता." भात काढताना त्याच्या धाकट्या भावाला लाल विंचू चावला. पोर सहा वर्षांचे. आजोबांनी उचलून गावातल्या मांत्रिकाकडे नेले. त्याने मंत्र टाकला, फुंकर घातली आणि सांगितले की विष उतरले. अंगणात पंधरा-वीस माणसे, सगळ्यांनी माना डोलावल्या. एकटी काकू म्हणाली, "विष उतरलं तर पोराचे हात गार का? घाम का थांबत नाही?" आजोबा तिच्यावर ओरडले. तिने पोर खांद्यावर टाकले, दिराला मोटरसायकल काढायला लावली आणि दवाखाना गाठला. भाऊ आज बारावीत आहे.

कोकणातला लाल विंचू काही सिनेमातला नव्हे. त्याच्या विषाने काळजावर घाला येतो आणि फुप्फुसात पाणी भरते. उलटी, दरदरून घाम, हातपाय गार ही त्याची खूण. हे ओळखले महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी. १९७६ साली ते बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात होते. रात्र रात्र रोग्याच्या उशाशी बसून त्यांनी नोंदी केल्या आणि १९८२ साली विलायतेच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात त्यावर लिहिले. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी वापरून पाहिले. अशा गंभीर रोग्यांतले शंभरी तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनावर आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मात्र औषध लवकर पडले पाहिजे. अंगणात गेलेला वेळ परत मिळत नाही.

पेठेतून परतताना मी ओंकारेश्वराजवळच्या पुलावरून आलो. 'झपाटलेला २' लागला त्याच वर्षी, २० ऑगस्टला, सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना इथे गोळ्या घातल्या. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झिजले, त्याचा अध्यादेश त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. पोलिस पाटलाला ठाऊक असेलच, नसेल तर हे पान दाखवा.

पुतण्याचा रात्री फोन आला. खोलीवर वाद अजून चालूच होता. आता प्रश्न असा निघाला होता की, तात्याला देह बदलायचा मंत्र येत होता, तर ज्या बाबा चमत्काराने तो शिकवला त्याने स्वतः म्हातारपण का काढले? एखाद्या तरण्या देहात का नाही गेला? मला उत्तर सुचले नाही. तुमच्या पारावर काही तोड निघाली तर पोस्टकार्ड टाका, पोरांना वाचून दाखवीन.