प्रक्षेपक आला, संच कुठे आहे?



३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला, तेव्हा मी तुमच्याहूनही लहान होतो. नांदूरघाटला आमचे घर हादरले, सगळी मंडळी अंगणात आली. वीज नव्हती. शेजारच्या काकांनी ट्रान्झिस्टर आणून बाजेवर ठेवला. काय घडले आणि कोठे घडले, हे आमच्या गल्लीला त्यावरूनच कळले. रेडिओच्या नव्या तंत्राविषयी वाचताना मला ती बाज आठवते.

मराठवाड्यात तेव्हा परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर लागत असे. प्रकाशाच्या वेगाला या कंप्रतेने भागून पाहा. तरंगलांबी सुमारे २३० मीटर येते. एवढी लांब लहर जमिनीला धरून चालते, बालाघाटच्या टेकड्यांना वळसा घालते. एफ.एम.ची लहर जेमतेम ३ मीटरची. तिचा आवाज स्वच्छ खरा, पण ती बहुतांशी सरळ रेषेत जाते, आणि डोंगराआडच्या वस्तीवर तिची सावली पडते. म्हणून मध्यम लहरींची जागा एफ.एम. पूर्णपणे घेईल, असे मला वाटत नाही.

पण मध्यम लहरींचे जुने तंत्र फार उधळे आहे. वाहक लहर १०० किलोवॅटची असेल, तर पूर्ण विरूपणाच्या वेळी एकूण शक्ती १५० किलोवॅट होते. त्यांतले १०० किलोवॅट वाहक लहरीतच राहतात, आणि तिच्यात ना बातमी असते ना गाणे! उरलेले ५० दोन बाजूपट्ट्यांत विभागले जातात. त्या दोहोंतही मजकूर एकच. निवेदक हळू बोलू लागला, की हा हिशेब आणखी बिघडतो.

यावरचा उपाय म्हणून आकाशवाणीने डी.आर.एम. हे अंकीय तंत्र निवडले आणि देशातील ३५ मध्यम लहरी प्रक्षेपक त्यासाठी सज्ज केले. यात ध्वनीचे अंक करून ते शेजारी-शेजारी असलेल्या अनेक बारीक वाहक लहरींवर वाटून देतात. वीज कमी लागते, खरखर नाही, एका प्रक्षेपकावरून एकाहून अधिक कार्यक्रम देता येतात. संकटाच्या वेळी थांबलेला संच आपोआप जागा करण्याची सोयही या तंत्रात आहे. भौतिकशास्त्राचा शिक्षक म्हणून मी या तंत्राच्या बाजूचा आहे.

मग अडले कोठे? संचापाशी. भारतात लक्षावधी मोटारगाड्यांत डी.आर.एम. ग्राही बसलेला आहे, पण शेतकऱ्याच्या बाजेवर ठेवता येईल असा स्वस्त संच मला केजच्या बाजारात मिळाला नाही, बीडच्याही नाही. दुकानदाराने तर मलाच विचारले, “सर, हे काय असतं?” जुन्या रेडिओचे तसे नाही. स्फटिक, तारेचे वेटोळे आणि कानाला लावायचा श्रावक एवढ्यावर शाळकरी मुलगाही तो करू शकतो, तोही सेलशिवाय. अंकीय संचाला मात्र गणन करणारी चकती लागते. शिवाय संकेत क्षीण झाला की जुना रेडिओ खरखरत का होईना, बोलतो. अंकीय संच एका मर्यादेनंतर एकदम मुका होतो.

नॉर्वेने २०१७ मध्ये राष्ट्रीय वाहिन्यांचे एफ.एम. प्रक्षेपण बंद केले. पण त्याआधी, २०११ मध्येच, निदान निम्मे श्रोते रोज अंकीय साधनाने ऐकत असतील तरच, अशी अट तेथे घातली होती. मोजमाप श्रोत्याच्या टोकाला झाले. आपण मात्र आधी प्रक्षेपक मोजले. जुने मध्यम लहरी प्रक्षेपक बंद करताना असाच हिशेब खेड्यातल्या घरांचा व्हावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मोबाईल आहे ना, असे कोणी म्हणेल. त्याचा मनोरा विजेवर चालतो, हे वादळाच्या रात्री कळते.

शिक्षक मित्रांना एक विनंती. मुलांना घेऊन गावाबाहेरच्या टेकडीवर आणि तिच्या आडोशाला जा. सोबत ट्रान्झिस्टर न्या. कोणते केंद्र, किती कंप्रता, दुपारी कसे आणि रात्री आठनंतर कसे, हे महिनाभर वहीत टिपा. रात्री आयनांबरावरून परावर्तित होऊन येणारी दूरची केंद्रेही सापडतील. महिनाअखेर ती वही पूर्ण झाली, की तिची एक प्रत जवळच्या आकाशवाणी केंद्राच्या अभियांत्रिकी विभागाकडे पाठवा.