काळी पाचलाही तुमच्या यादीत जागा द्या

प्रति,
संगीताचे नोटेशन सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी,

गोंदियाला लागून असलेल्या फुलचूरहून लिहितोय. धान निघाले की आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. वडशाच्या कंपन्या गावोगाव फिरतात, प्रयोग रात्रभर चालतो. गायक सांगतो, ‘काळी एक धरा’, म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी सा धरून वाजवा. गायिका काळी पाचची. ऑर्गनवाल्याला एवढे पुरते.

तुमच्यामुळे आता कॉर्ड छापून मिळतात, हे उत्तमच. पण नावांचा घोळ तसाच आहे. ‘सी’पुढे मोठा ‘एम’ आणि सात, म्हणजे मेजर सेव्हन: पांढरी एक, तीन, पाच, सात. तोच ‘एम’ लहान झाला की मायनर सेव्हन: पांढरी एक, काळी दोन, पांढरी पाच, काळी पाच. चारांतले दोन सूर बदलले, आणि कागदावर फरक काय, तर एका अक्षराचा आकार! रात्री दोन वाजता तो कोणाला दिसणार? वहीत देवनागरीत उतरवले तर तोही गेला. आपल्याकडे लहान-मोठी अक्षरे कुठली? मेजर सेव्हनला कोणी त्रिकोण काढतो, मायनरला कोणी नुसती आडवी रेघ. जाझवाल्यांनी ती हौस खुशाल करावी. पण सॉफ्टवेअर उघडल्यावर आधी समोर येते ते तरी ‘मेज’ आणि ‘मिन’ असे स्वच्छ असू द्या.

जर्मनांची सोय तुमच्यापैकी काहींनी केलीच आहे. त्यांचा ‘बी’ म्हणजे आमची काळी पाच; पांढरी सातला ते ‘एच’ म्हणतात. सेटिंग बदलले की नावे बदलतात. दो-रे-मीवाल्यांचीही व्यवस्था आहे. मग हार्मोनियमच्या पट्ट्यांनीच काय घोडे मारले? नावांची फाइल स्वतः बदलता येते म्हणाल, तर ती एक्सएमएलमध्ये असते. ऑर्गनवाल्याने आता तेही शिकायचे का?

खरी गरज आहे ती सा धरून नावे देण्याची. अमेरिकेतल्या नॅशव्हिलचे वादक कॉर्डला आकडे देतात. पट्टी बदलली तरी एक, चार, पाच तेच राहतात. आमचे सा, म, प वेगळे काय करतात? काळी एकचा गायक ऐनवेळी आला नाही आणि पांढरी चारचा उभा राहिला, तर सगळे कागद नव्याने छापायची पाळी येऊ नये.

चाचणीला वादक हवे असतील तर उन्हाळ्यात या. हंगामात कोणी सापडायचे नाही; सापडलाच तर झोपलेला असेल.

आपला,
एक ऑर्गनवाला
फुलचूर, जि. गोंदिया