अंश लिहा, मगच आकडा

पहूर-जामनेर भागातल्या तपासनिसांची पत्रे याही महिन्यात आली. तक्रार एकच: बी.आर. (ब्युटिरो-रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा) जास्त आला म्हणून घरच्या म्हशीचे तूप नापास होते आणि ते किती अंशांवर वाचले याची अहवालात नोंदच नसते. छापील फॉर्मात तो रकानाच नाही!

वाचन ४० अंश सेल्सिअसचे, तुपासाठी दुरुस्ती दर अंशामागे ०.५५. खरे ४१.५ असलेले तूप ३५ अंशांवर वाचले तर यंत्र ४४.२५ दाखवणार. चोख तूप भेसळीचे ठरायला एवढे पुरते. जुन्या नियमांतल्या मर्यादेचे ४० ते ४३ हे अख्खे अंतर अपवर्तनांकात जेमतेम ०.००२ भरते. तरी खरेदीच्या यादीत रिफ्रॅक्टोमीटर येतो, प्रिझमभोवती ४० अंशांचे पाणी फिरवणारा वॉटर बाथ येत नाही. मागितला की उत्तर ठरलेले: पुढच्या वर्षी बघू.

खानदेशात हा घोळ अधिक नडतो. सरकीवर पोसलेल्या जनावराच्या तुपात आखूड साखळीची आम्ले घटतात, लांब साखळीची वाढतात, आर.एम. (रायकर्ट-माइसल आकडा) उतरतो, बी.आर. चढतो. हे ओळखूनच अन्नभेसळ प्रतिबंधाच्या जुन्या नियमांनी महाराष्ट्राच्या कापूसपट्ट्याला ४१.५ ते ४५ आणि उरलेल्या भागाला ४० ते ४३ अशी वेगळी मर्यादा दिली होती. मुळातच वर असलेल्या आकड्यात थंड प्रिझमची भर पडली, तर गोपालकाने करायचे काय?

काहींनी तूप तपासायच्या मायक्रोफ्लुइडिक चिपबद्दल विचारले आहे. केसाएवढ्या वाहिनीतला थेंब काही क्षणांत ४० अंशांवर येतो, हा तिचा मोठाच फायदा. पण वाहिनी गार पडली की तूप आतच गोठते आणि चिप तुंबते. म्हणून विक्रेत्याला आधी हीटर आणि तापमापक दाखवायला सांगा. अपवर्तनांक ठाऊक असलेल्या द्रवावर रोज पडताळा घ्या. अंश न सांगणारी चिप जुन्याच चुका जलद करील.

मित्रहो, फॉर्म बदलण्याची वाट पाहू नका. प्रत्येक अहवालावर हाताने तीन गोष्टी लिहा: तापमान, केलेली दुरुस्ती, जनावराचे खाद्य. तापमान नसेल तर सही करू नका. वरून दबाव आला तर तो आदेश लेखी मागा. आणि तुमच्याकडचा कोरा फॉर्म आम्हाला पाठवा. सगळे एकत्र करून आम्ही मुंबईला धाडू आणि रकाना छापून येईपर्यंत पाठपुरावा करू.