किती लांब गेली ते नको, कुठे उतरली ते विचारा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या लेकीने हँग ग्लायडरवरून सुमारे 75 मैल कापले. म्हणजे साधारण 120 किलोमीटर, सांगली ते सातारा म्हणा ना. इंजिन नाही, पेट्रोल नाही. ॲल्युमिनियमच्या नळ्या, त्यावर ताणलेलं कापड आणि कॅलिफोर्नियाचं ऊन, एवढ्यावर. मी खालून गाडी घेऊन तिच्या मागे होतो. रात्री मोटेलवर पोचल्यावर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. पाच मिनिटांत पुण्याहून मेहुण्यांचा प्रश्न आला, "शंभर मैलांचा बेत होता ना? मग मधेच का उतरली?"

प्रश्न प्रेमानेच विचारला होता. पण तो माझ्या डोक्यातून जाईना, कारण त्या दिवशीची सगळ्यात चांगली गोष्ट कुठली असेल, तर ती मधेच उतरली हीच. हे त्यांना दोन ओळींत सांगणं जमलं नाही, म्हणून इथे लिहितो आहे.

आधी थोडं समजावून सांगतो. भारतातल्या मंडळींना कामशेत आणि पाचगणीमुळे पॅराग्लायडिंग माहीत आहे. त्यात छत्रीसारख्या कापडाखाली बसून उडतात. हँग ग्लायडर निराळा. त्याला पक्का सांगाडा असतो, वजन तीस किलोच्या आसपास, आणि माणूस त्याखाली हार्नेसमध्ये पोटावर आडवा लटकलेला. हातातल्या दांडीच्या आधाराने आपलं वजन इकडे-तिकडे सरकवायचं, की ग्लायडर वळतो. बस, एवढंच त्याचं स्टिअरिंग. वर राहायचं तर घारींसारखं राहायचं. उन्हाने तापलेल्या उतारावरून गरम हवा वर चढते, तिला थर्मल म्हणतात. तो सापडला की त्यात गोल गोल फिरत उंची मिळवायची आणि मग पुढच्या थर्मलपर्यंत घसरत जायचं. व्हेरिओमीटर नावाचं छोटं यंत्र चढताना पिकपिक वाजतं. लेक म्हणते, "बाबा, मी यंत्रापेक्षा पक्षी बघते. ते खोटं बोलत नाहीत."

जागा होती ओवेन्स व्हॅली. लॉस एंजेलिसहून 395 नंबरच्या हायवेने वर गेलं की डाव्या हाताला सिएरा नेवाडाची भिंत, उजव्या हाताला इनयो आणि व्हाइट माउंटन्स, आणि मधे ही लांबच लांब वाळवंटी दरी. दरीचा तळच चार हजार फुटांच्या आसपास, आपल्या महाबळेश्वरपेक्षा थोडासाच खाली. तिथून माउंट व्हिटनी 14,505 फुटांवर. सकाळचं ऊन सिएराच्या पूर्वेकडच्या उतारावर पडतं, दुपारनंतर तेच ऊन समोरच्या डोंगरांच्या पश्चिम अंगावर. म्हणून वैमानिक सकाळी सिएरावरून निघतात, दरी ओलांडून पलीकडे जातात आणि मग त्या रांगेवरून उत्तरेला नेवाडाच्या दिशेने. 1977 साली जेरी कॅट्झ यांनी याच दरीत जगात पहिल्यांदा हँग ग्लायडरवरून शंभर मैलांच्या वर मजल मारली. 1983 मध्ये लॅरी ट्यूडर इथूनच 221 मैल गेले. पुढे विक्रम सपाट मुलखात सरकले. 2012 च्या जुलैत टेक्सासमधल्या झपाटाहून निघून डस्टिन मार्टिन यांनी एका दिवसात 764 किलोमीटर कापले. मुंबईहून सरळ रेषेत निघालात तर नागपूरच्याही पुढे! जॉनी ड्युरांड त्यांच्याबरोबरच उडत होते, ते जेमतेम पाच किलोमीटर अलीकडे उतरले. पण टेक्सासात खाली रस्ते आणि रानं असतात. इथे मागच्या बाजूला नुसता डोंगर.

आणि त्या डोंगराला कायदाही आहे, हे आपल्याकडे फार कुणाला ठाऊक नसतं. 1964 च्या वाइल्डरनेस कायद्याने अमेरिकेने काही मुलूख रस्ता, मोटार, यंत्र यांच्यापासून कायमचा मोकळा ठेवला. व्हाइट माउंटन्सचा मोठा भाग 2009 पासून त्यात आहे. राष्ट्रीय वनांमधल्या अशा वाइल्डरनेसच्या नियमांत एका ओळीत सायकल आणि हँग ग्लायडर दोघांनाही मनाई आहे. म्हणजे वरून उडत जा, पण तिथून उड्डाण नाही आणि तिथे उतरायचं नाही. काही वैमानिक यावर कुरकुर करतात, इंजिन नसलेल्या पंखाने जंगलाचं काय बिघडतं म्हणून. मला मात्र नियम पटतो. एवढ्या मोठ्या देशात एखादा कोपरा माणसाने फक्त पायी जायचा ठेवला तर बिघडलं कुठे? शिवाय त्या नियमामुळे वैमानिकाला सतत विचारावं लागतं, की मी आत्ता इथून खाली आले, तर पोचेन कुठे?

उलट उडणाऱ्या माणसासाठी सरकारी नियम किती कमी आहेत ते ऐकून आमचे नातेवाईक हादरतात. इथे हँग ग्लायडर उडवायला सरकारी लायसन्स लागत नाही. 1982 पासूनचा नियम आहे. एकट्याने उडा, दिवसाउजेडी उडा, दाट वस्तीवरून उडू नका. अठरा हजार फुटांवर मोठ्या विमानांची हद्द सुरू होते, तिथे परवानगीशिवाय जाऊ नका. बाकी शिक्षण आणि पायऱ्या वैमानिकांची संघटना बघते. लेक तिसऱ्या पायरीपर्यंत आली तेव्हा मी पहिल्यांदा तिच्याबरोबर गेलो.

त्या दिवशी सकाळी वॉल्ट्स पॉइंटवर, सुमारे नऊ हजार फुटांवर, मी ग्लायडरचं नाक धरून उभा होतो. उड्डाणाआधी हार्नेस अडकवला आहे ना, हे बघायला वैमानिक लटकून दाखवतो. त्याला हँग चेक म्हणतात. ऐकायला बावळटपणा वाटेल, पण या खेळातली सगळ्यात भयानक चूक हीच, स्वतःला अडकवायला विसरून धावत सुटणं. अनुभवी लोकांच्या हातूनही ती झालेली आहे. आमच्याकडे गाडीची किल्ली, गॅसचा कॉक दोनदा बघायची सवय आहे, त्यामुळे हे काम मला आपोआप जमलं. मग ती चार पावलं धावली आणि गेली. त्या क्षणी पोटात काय होतं ते लिहीत नाही. आईबापांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून कळायचं नाही.

बिशपपर्यंत सगळं छान चाललं होतं. तिच्याकडे उपग्रहावरून जागा कळवणारं यंत्र आहे. दर दहा मिनिटांनी माझ्या फोनवर ठिपका उमटायचा. बिशपच्या पुढे लॉज नावाचं गाव आहे, जुन्या रेल्वेचं संग्रहालय असलेलं. तिथे मी गाडी सावलीला लावली आणि ठिपका थांबला. शेवटची जागा व्हाइट माउंटनच्या शिखराजवळ. दहा मिनिटं, वीस, तीस. रेडिओवर नुसती खरखर. अशा वेळी माणूस काय करतो? मी डब्यातली पोळी-भाजी काढली आणि न खाता परत ठेवली. बायकोने बे एरियातून दोनदा फोन केला, मी दोन्ही वेळा म्हटलं, "सगळं ठीक आहे." खोटंच.

चाळीसाव्या मिनिटाला संदेश आला. उतरले. ठीक आहे. जागा चालफंट, हायवे 6 च्या कडेला.

मी पोचलो तेव्हा ती ग्लायडरच्या पंखाखाली सावलीत बसून पाणी पीत होती. शेजारी अल्फाल्फाचं शेत, म्हणजे आपला लसूणघास. तिने सांगितलं ते असं. शिखराजवळ तिची उंची झपाट्याने गेली. रांगेच्या मागच्या बाजूला, आत वाइल्डरनेसवर, एक सुरेख ढग बनत होता. त्याच्याखाली गेलं तर थर्मल मिळण्याची बरीच शक्यता, आणि मिळाला तर शंभर मैल नक्की. बरोबरचे दोघं गेलेही. तिने हिशेब केला. तिथे काही मिळालं नाही तर परत रांग ओलांडून दरीत यायला उंची पुरणार नाही. मग खाली फक्त खडक, घळी आणि एकही रस्ता नाही. तिने ढगाकडे पाठ केली आणि दरीकडे वळली. ते दोघं पुढे गेले, त्यांना थर्मल मिळाला, ते शंभरच्या वर गेले. रात्री जेवताना त्यांचं कौतुक झालं, तेही योग्यच. लेक थोडी गप्प होती.

आता सांगा, मधेच का उतरली या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ?

आपण परदेशातले मराठी लोक, आणि आपले तिकडचेही, आकडा विचारल्याशिवाय राहत नाही. किती टक्के, कुठलं कॉलेज, पॅकेज किती, घर किती बेडरूमचं. यात मीही आलो, दहावीला लेकाचे गुण कळले तेव्हा मीच आधी चुलतभावाचे विचारले होते. डोंगरात उडणाऱ्या पोरीलाही आपण तीच मोजपट्टी लावतो. या मोजपट्टीत परत वळण्याला खूण नाही. आणि ज्या गोष्टीचं घरात कधी कौतुक होत नाही, ती गोष्ट पोरं किती दिवस करतील? पुढच्या वेळी तो ढग दिसेल तेव्हा तिच्या कानात "शंभर नाही झाले?" हे वाजू नये, एवढीच माझी मागणी आहे.

दुसरी तक्रार स्वतःबद्दल. आम्ही हे सगळं माझ्या आईपासून दोन वर्षं लपवलं होतं. सांगलीत असते, 84 वय, उगाच काळजी नको, असं म्हणून. इथल्या कितीतरी घरांत असंच चालतं. नोकरी गेलेली लपवतात, आजारपण लपवतात, मुलांचे छंद लपवतात. मग तिकडे बातमी पोचते ती एकतर पेढे वाटण्याची, नाहीतर भलतीच. मधलं काहीच पोचत नाही. पण डोंगरात न सांगता जाण्याची किंमत फार मोठी असते. बलूनमधून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केलेले स्टीव्ह फॉसेट सप्टेंबर 2007 मध्ये नेवाडातून छोट्या विमानाने निघाले. जाण्याचा मार्ग कुणाकडे लिहून दिलेला नव्हता. केवढा मुलूख धुंडाळला, पण विमानाचे अवशेष सापडले ते वर्षभराने, सिएरात मॅमथ लेक्सच्या जवळ. एवढा अनुभवी माणूस! आपल्यात घरातून निघताना जातो म्हणत नाहीत, येतो म्हणतात. ते म्हणताना कुठून आणि केव्हा, हेही सांगायला हवं.

तर त्या रात्रीचा फोटो ताईच्या नातवाने आजीला दाखवलाच. दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉल आला. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. आई माझ्याशी बोललीच नाही. म्हणाली, "तिला दे." मग तिला विचारलं, "काय गं, उतरायला जागा असते का?"

लेकीने सगळं सांगितलं. दरी, रस्ता, लसूणघासाचं शेत, मागे वळलेलं. आई मन लावून ऐकत होती. मग म्हणाली, "बरोबर केलंस. तुझा बाप आयर्विन पुलावरून पुरात उड्या मारायचा. मला कळलं तेव्हा मी मारलं नाही त्याला. एवढंच विचारलं, की निघायचं कुठे ते आधी बघतोस का?"

हे मी साफ विसरलो होतो. कृष्णेच्या पुरात उडी मारणारी आम्ही पोरं आधी काठावर पुढपर्यंत चालत जाऊन बघायचो, कुठला घाट, कुठलं झाड हाताला लागेल. पलीकडे कोण किती लांब वाहत गेला याच्या बढाया व्हायच्याच. पण जागा न बघता उडी मारणाऱ्याला थोरली मुलं पुलावर उभं राहू देत नसत.

एक व्यवहाराची गोष्ट, हा लेख वाचून कुणाला हुरूप आला तर. इकडे फिरायला येणाऱ्या आईवडिलांच्या, भाच्यांच्या प्रवास विम्यात असे खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. प्रशिक्षकाबरोबर दोघांनी उडायची हौस असेल तर आधी पॉलिसी वाचा. आयुर्विम्याच्या अर्जातही हँग ग्लायडिंगचा प्रश्न असू शकतो, तिथे खरं लिहा.

पुढच्या महिन्यात लेक पुन्हा ओवेन्स व्हॅलीत जाणार आहे. या खेपेला आईलाही ठिपक्यांची लिंक पाठवली आहे. ताईच्या नातवाने ती तिच्या फोनवर उघडून दिली, आणि नकाशावर चालफंट कुठे आहे तेही तिने विचारून घेतलं आहे.