लोगनचे गोत्र

मोटारींच्या शौकिनांमध्ये एक पंथ मोठा विक्षिप्त आहे. या मंडळींना रोल्स-रॉइसचे अप्रूप नसते, फेरारीचे नाव काढले तर ती जांभई देतात. पण निळसर धूर सोडत, फटफटीसारखा आवाज करत जाणारी पूर्व जर्मनीची ट्राबांट दिसली की त्यांचे डोळे लकाकतात. साम्यवादी राजवटीत सामान्य माणसासाठी बनलेल्या या गरीब गाड्यांत एवढे पाहण्यासारखे काय आहे, असे कुणीही विचारील. नाशिककरांनी मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. कारण याच गोतावळ्यातली एक गाडी आपल्या गावच्या कारखान्यात बनत होती.

आधी ट्राबांटचे बघू. झ्विकाऊ या गावी १९५७ ते १९९१ या काळात ती तीस लाखांहून अधिक संख्येने तयार झाली. देशात पोलादी पत्र्याची टंचाई होती, म्हणून सोव्हिएत कापसाचा टाकाऊ भाग आणि राळेसारखे रसायन एकत्र दाबून तिच्या अंगावरचे भाग बनवले जात. इंजिन दोन सिलिंडरचे, जेमतेम सहाशे सीसीचे आणि टू-स्ट्रोक. म्हणजे आपल्या जुन्या बजाज स्कूटरप्रमाणे पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचे. पेट्रोलची टाकी इंजिनापेक्षा उंचावर, त्यामुळे पेट्रोल आपल्याच वजनाने खाली उतरे, पंपाची गरजच नाही. बहुतेक गाड्यांत पेट्रोलचा काटा नव्हता. टाकीत पट्टी घालून किती उरले ते पाहायचे!

शौकीन भुलतो तो इथे. जे गाडीत नाहीच ते बिघडणार कसे? बॉनेट उघडले की सारा कारभार डोळ्यांसमोर. रस्त्यात बंद पडली तर मालकाने बाह्या सरसावायच्या आणि कामाला लागायचे. आजच्या गाडीचे बॉनेट उघडून आपण फक्त प्लास्टिकच्या झाकणाकडे बघत राहतो. त्या तुलनेत ही गाडी मालकाला शहाणा समजते, असे या मंडळींचे म्हणणे, आणि ते अगदीच चूक नाही.

पण कौतुकाच्या भरात दुसरी बाजू विसरून चालणार नाही. ही गाडी मिळण्यासाठी नागरिकाला दहा-दहा वर्षे, कधी त्याहूनही जास्त, वाट पाहावी लागे. लगेच हाती पडणारी जुनी गाडी नव्यापेक्षा महाग विकली जाई. आपण तरी कोणत्या तोंडाने हसावे? स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे बसलेली पिढी आपल्या घराघरांत आहे. तिकडचे इंजिनिअर काही झोपलेले नव्हते. त्यांनी ट्राबांटच्या जागी नवी, आधुनिक गाडी तयार करत आणली होती. १९६८ साली सरकारनेच ते काम थांबवले. गिऱ्हाईक रांगेत उभेच आहे, मग नवी गाडी कशाला, हा तो हिशेब. म्हणजे हुशारी होती कारागिराची आणि आळस होता मक्तेदारीचा. या दोन्ही गोष्टी एकाच गाडीत बसून येतात, हे ओळखले पाहिजे.

आता रुमानियाकडे वळू. तिथल्या डाचिया कारखान्याने १९६९ पासून फ्रान्सच्या रेनॉ-१२ या गाडीची आवृत्ती काढली. मूळ गाडी फ्रान्समध्ये १९८० साली निवृत्त झाली. डाचियाची आवृत्ती मात्र राजवट कोसळल्यानंतरही २००४ पर्यंत निघत राहिली. आपली अँबॅसिडर नाही का, इंग्लंडमधली मॉरिस ऑक्सफर्ड विस्मृतीत गेल्यावरही २०१४ पर्यंत तग धरून होती!

१९९९ मध्ये रेनॉने डाचिया विकत घेतली आणि पाच हजार युरोंची गाडी करायचे ठरवले. २००४ साली आलेली ती गाडी म्हणजे लोगन. तिच्यात जुन्या वळणाची काटकसर नव्या शिस्तीने आली. बाहेरचे दोन्ही आरसे एकाच साच्याचे, डावा-उजवा भेद नाही. काचांना वाक कमी. डॅशबोर्ड अखंड एका तुकड्याचा. जिथे मालकाचे काही बिघडत नाही तिथे पैसे वाचवायचे, आणि ऐसपैस बैठक व ५१० लिटरची डिकी यांना हात लावायचा नाही. याला म्हणतात काटकसर. चिक्कूपणा वेगळा.

ही लोगन २००७ पासून महिंद्र आणि रेनॉ यांच्या भागीदारीत नाशिकला बनू लागली. मिगसारखी सोव्हिएत विमाने ओझरला बांधणाऱ्या या जिल्ह्याला पूर्वेकडचे तंत्र तसे परके नव्हतेच. पण २००६ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना करात सवलत मिळू लागली होती, आणि लोगन भरली सव्वाचार मीटर. त्यात दिसायला चौकोनी. घरच्या गाडीपेक्षा टॅक्सी म्हणूनच ती अधिक दिसू लागली. भागीदारी २०१० मध्ये मोडली, २०११ मध्ये तिचे नाव व्हेरिटो झाले, आणि २०१३ मध्ये तिचे चक्क शेपूट कापून चार मीटरच्या आत बसणारी ‘व्हाइब’ निघाली. गाडीचा आकार गिऱ्हाईक ठरवत नाही, सरकारी नियम ठरवतो, हा अनुभव फक्त साम्यवाद्यांचा नाही तर! २०१६ मध्ये तिची विजेवर चालणारी आवृत्तीही आली. आज मात्र नवी व्हेरिटो मिळत नाही.

म्हणूनच एक विनंती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी गेली, तेव्हा सगळ्यांना एकदम गहिवरून आले. गाडी रोज दिसत होती तेव्हा तिच्याकडे कुणी वळून पाहत नव्हते. लोगन-व्हेरिटोचेही तसेच होणार. तिकडे झ्विकाऊच्या संग्रहालयात ट्राबांट मानाने उभी आहे. आपल्या जिल्ह्यात अंजनेरीला नाण्यांचे संग्रहालय आहे, सिन्नरला स्फटिकांचे, तोफांचेही आहे. मग इथल्या कामगारांनी जोडलेली एक लोगन जपून ठेवायला कितीशी जागा लागेल? शेजारी एक कोरी वही ठेवावी. ती जोडणाऱ्याने आणि ती दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीने आपला अनुभव तीत लिहावा. गाडी भंगारात गेली तरी लोखंडाचे पैसे मिळतात. हातातली माहिती मात्र माणसाबरोबर जाते, तिला वजनकाटा नाही.

टंचाईचे गोडवे गाण्याचे कारण नाही. ती रांग पुन्हा कुणाच्या वाट्याला न येवो. पण टंचाईत ज्यांचे डोके चालले, त्यांचा हिशेब आपण नीट मांडून ठेवला पाहिजे. पेट्रोल महाग आहे, पगार मोजका आहे आणि घरात माणसे पाच आहेत. हे गणित सुटले आहे असे अजून कुठल्या घरात म्हणतात?